भांडायला माणूस द्या

आमची ठाण्यातली इमारत सात मजल्यांची आहे आणि तिला लिफ्ट एकच. जुन्या घडणीची, जाळीच्या दोन सरकत्या दारांची. एखादं दार बोटभर उघडं राहिलं तरी ती जागची हलत नाही, आणि मग तिच्या आतून एक बाई बोलायला लागते : ‘कृपया दरवाज़ा बंद करें.’ चार सेकंद थांबते, पुन्हा तेच. रविवारी पाचव्या मजल्यावर कुणाकडे पाहुणे आले आणि निघताना दारात गप्पा रंगल्या, की ही बाई पंचवीस-तीस मिनिटं सलग बोलते. आवाज चढत नाही, घसा बसत नाही, अपमान वाटत नाही.

ही बाई येण्याआधी, म्हणजे साताठ वर्षांपूर्वी, लिफ्ट अडकली की तळमजल्यावरून कुणीतरी जाळीला तोंड लावून ओरडायचं, ‘‘लिफ्ट सोडाऽऽ!’’ वरून उत्तर यायचं, ‘‘आलो, आलो!’’ किंवा ‘‘आमच्याकडे नाहीये, सहाव्यावर बघा!’’ एकदा सहाव्यावरच्या काकूंनी वरूनच ‘‘पायांना काय झालंय?’’ असं विचारलं, आणि त्यावरून जुंपलेलं भांडण गणपतीपर्यंत पुरलं. आता कुणी ओरडत नाही. लिफ्टच ओरडतेय म्हटल्यावर आपण कशाला घसा फोडा? सगळे आपापल्या मजल्यावर बटणावर अंगठा दाबून उभे राहतात आणि आतल्या आत तडतडत राहतात.

रोजच्या किरकोळ वैतागावर लिहायचं ठरलं तेव्हा मी एक शंभर पानी वही आणली आणि प्रत्येक पानावर मधोमध रेघ मारली. डावीकडे लिहिलं ‘कशावर’, उजवीकडे ‘कुणावर’. श्रावण आणि भाद्रपद असे दोन महिने वही चालली. डावा रकाना बघता बघता भरला. ओटीपी वेळेत न येणं, आला तेव्हा मुदत संपलेली असणं, सॉसच्या पुडीवरची ‘इथे फाडा’ ही खूण आणि तिथे सोडून सगळीकडे फाटणारी पुडी, मध्यरात्री शेजारच्या गल्लीत गाडीचा अलार्म. उजवा रकाना मात्र ओस. पहिल्या आठवड्यात त्यात तीनच नोंदी आहेत : बायको, मुलगा आणि एक रिक्षावाला. त्यातल्या पहिल्या दोघांचा मूळ कारणाशी काही संबंध नव्हता. ते घरात होते, एवढंच.

आपल्या भाषेला या बाबतीत काही कमी नाही. कटकट, किरकिर, पिरपिर, भुणभुण, कुरबुर, धुसफूस, चिडचिड. यातले बरेचसे शब्द आवाजावरून आलेले आणि सगळे जोडीने चालणारे आहेत. एकदा ‘कट्’ झालं तर तो नुसता आवाज. दुसऱ्यांदा झाला की कटकट. पुन्हापुन्हा होण्यातला जाच शब्दाच्या घडणीतच आहे. पण याच शब्दांच्या शेजारी क्रियापदांची एक वेगळी फौज उभी आहे : खेकसणं, डाफरणं, करवादणं, कावणं, वसकन अंगावर जाणं. यातलं एकही क्रियापद एकट्याने करता येत नाही. खेकसायला समोर कुणीतरी लागतं. वहीचा डावा रकाना पहिल्या यादीतल्या शब्दांनी फुगत चालला होता, आणि दुसऱ्या यादीतली क्रियापदं वापराविना गंजत होती.

पूर्वी डोक्याला ताप कमी होता असं कुणी म्हणालं तर त्याने एसटीने सुट्टीत प्रवास केलेला नाही. स्टँडवर गाडी लागायच्या आत खिडकीतून आत पडलेले रुमाल, टोप्या, पिशव्या, एकदा तर एक चप्पल. रुमालाचा मालक आणि जागेवर आधीच बसलेला इसम यांच्यातला वाद हा प्रवासाचा पहिला अंक. दुसरा अंक सुट्ट्या पैशांचा. कंडक्टरकडे चिल्लर नसली की तो राहिलेली रक्कम तिकिटाच्या पाठीवर लिहून द्यायचा, ‘उतरताना घ्या’. मग तीन तास आपण एकदा त्या तिकिटाकडे आणि एकदा त्याच्या खांद्यावरच्या चामडी पिशवीकडे बघत राहायचं. डोळा लागला तरी झोपेत तो आकडा डोक्यात. उतरताना मागितले की ‘‘देतो ना, पळून चाललोय का?’’ असं म्हणत तो मोजून द्यायचा. वैताग तिथे सुरू व्हायचा आणि तिथेच फिटायचा.

वाण्याकडे पैशांऐवजी गोळी मिळायची. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी 30 जून 2011 ला चलनातून गेली, आणि तेव्हापासून आठ आण्यांनाही कुणी विचारेना. वास्तविक आठ आण्याचं नाणं कायद्याने आजही चालतं. 2011 च्याच नाणे कायद्यात ते एका वेळी दहा रुपयांपर्यंत वैध आहे. चालवून दाखवा! मी एकदा महिनाभर साठवलेल्या गोळ्या एका कागदात बांधून त्याच वाण्याला दिल्या आणि बिस्किटांचा पुडा मागितला. तो आधी हसला. मग मी हसत नाही हे बघून चिडला. मग दोनतीन गिऱ्हाइकं माझ्या बाजूने बोलायला लागली तेव्हा त्याने गोळ्या मोजून बरणीत टाकल्या आणि पुडा आपटला. पुढची दहा वर्षं त्याने मला गोळी दिली नाही. चिल्लर नसली तर ‘‘राहू द्या तुमच्याकडे’’ म्हणायचा. मी ते पैसे दुसऱ्या दिवशी नेऊन द्यायचो. आमचा व्यवहार असा भांडणाच्या पायावर भक्कम उभा होता.

11 एप्रिल 2016 ला मुंबईत यूपीआयची सुरुवात झाली, आणि ऑगस्ट 2025 या एका महिन्यात त्यावरून 2000 कोटींहून जास्त व्यवहार झाले. सुट्ट्यांचा प्रश्न मिटला, हे कबूल करायला हवं. मला तर ते अजून चमत्कारासारखं वाटतं. पण गल्ल्यावर आता एक डबी बसली आहे. तिच्या पोटात सिमकार्ड असतं, आणि खात्यात पैसे जमा झाले की ती रस्त्यावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात रक्कम जाहीर करते. दुकानदाराची सोय खरी आहे. गर्दीत प्रत्येकाचा मोबाइल कुठे बघणार, आणि पैसे पाठवल्याचा खोटा फोटो दाखवून जाणारे भामटे असतातच. तरी बारा रुपयांची कोथिंबीर घेतल्याची दवंडी पिटल्यावर माणूस जरा ओशाळतो. खरा घोळ होतो तो डबी बोलत नाही तेव्हा. माझ्या खात्यातून पैसे गेलेले, त्याच्या खात्यात आलेले नाहीत. तो डबीकडे बघतो, मी फोनवरच्या गोल फिरणाऱ्या चक्राकडे. मागे रांग. दोघांपैकी कुणाचीच चूक नाही. शेवटी तो म्हणतो, ‘‘सर्व्हर डाऊन असेल.’’ सरकारी कचेरीत पूर्वी ‘साहेब जेवायला गेलेत’ हे जे उत्तर असायचं त्याची जागा आता या वाक्याने घेतली आहे. फरक इतकाच की साहेब जेवून परत यायचे. त्यांना दात कोरताना बघून निदान एक जळजळीत कटाक्ष टाकता यायचा.

वहीची सर्वांत जास्त पानं फोनने खाल्ली. दुपारी डोळा लागायला आणि ‘तुमचं कर्ज आधीच मंजूर झालंय’ हे कळायला एकच मुहूर्त असतो. नको असलेले फोन थांबवण्याची व्यवस्था आपल्याकडे नवी नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाची, म्हणजे ‘ट्राय’ची, ‘फोन करू नका’ ही नोंदवही 2007 पासूनची. नंतर 2010 चा नियम आला, मग 2018 चा. प्रचाराच्या फोनसाठी 140 ने सुरू होणारे क्रमांक ठरवून दिले, म्हणजे क्रमांक बघताच कळावं. बँकांनी आणि विमा कंपन्यांनी कामाच्या फोनसाठी 1600 ची मालिका वापरावी, असंही ठरलं. 1909 वर संदेश पाठवला की तुमचं नाव नोंदवहीत चढतं. कर्ज नको, घर नको, सहल नको, असं निवडूनही सांगता येतं. इतका बंदोबस्त केल्यावर कर्जवाले काय करतात? साध्या, दहा आकडी, एखाद्या भाच्याच्या वाटाव्यात अशा क्रमांकावरून फोन करतात.

तक्रार करता येते, आणि ती करणं हा स्वतंत्र उद्योग आहे. कुठल्या क्रमांकावरून, किती तारखेला, काय म्हणाले. पूर्वी हे तीन दिवसांच्या आत कळवावं लागे. फेब्रुवारी 2025 च्या दुरुस्तीने सात दिवसांची मुदत दिली. दहा दिवसांत एका क्रमांकाविरुद्ध पाच तक्रारी आल्या तरी आता कारवाई होऊ शकते. आधी सात दिवसांत दहा लागत. ऐकायला बरं वाटतं. मी सप्टेंबरात चार तक्रारी केल्या. तिन्हीसांजेला उत्तर आलं, यंत्राने लिहिलेलं : तक्रार मिळाली, तिचा क्रमांक हा. तो क्रमांक सतरा आकडी होता. तो वहीच्या उजव्या रकान्यात मावला नाही.

पाच-सात वर्षांपूर्वी या फोनवर माणूस असायचा. बहुधा कुणी तरुण मुलगी, मागे तिच्यासारख्याच चाळीसजणींचा गलका. तिच्यावर ओरडलं की नंतर वाईट वाटायचं. तिला महिन्याचा आकडा गाठायचा असतो, हे आपल्याला माहीत असतं. माझ्या एका मित्राने अशा एका मुलीला उलट विमा विकायचा प्रयत्न केला होता. ती हसली, तो हसला, फोन ठेवला. आता पलीकडून ध्वनिमुद्रित आवाज येतो, आणि तोही हल्ली माणसासारखा श्वास घेतो. मध्येच ‘अच्छा’ म्हणतो. मी एकदा तीन मिनिटं त्याच्यावर मनसोक्त डाफरलो. त्याने शांतपणे विचारलं, तुम्हाला जास्त माहिती हवी असेल तर एक दाबा.

आपण फोन करावा तर आणखी वेगळी तऱ्हा. मार्च 2020 मध्ये कुणालाही फोन लावला की आधी एक खोकला ऐकू यायचा, मग करोनाच्या सूचना. हेतू चांगला होता. पण घाईत लावलेला फोन असो की मध्यरात्री डॉक्टरांना लावलेला, खोकला ठरलेला. पुढे खोकला गेला, आवाज बदलले, सूचना राहिल्या. ग्राहकसेवेचे क्रमांक तर त्याच्या कितीतरी आधीपासून आपल्याला ताटकळत ठेवतायत. माझं कार्ड एका यंत्रात अडकलं म्हणून मी माझ्या बँकेला फोन लावला. मराठीसाठी तीन दाबलं, आणि एक आवाज म्हणाला, ‘आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वपूर्ण आहे.’ कुठल्या घरात, कुठल्या गावात कुणी असं मराठी बोलतं? ‘जरा थांबा हं’ एवढं म्हटलं असतं तर मी आनंदाने थांबलो असतो. बावीस मिनिटं फोनवर सनई वाजली. मधूनमधून महत्त्वपूर्ण.

याला कुणी म्हणेल, एवढ्यातेवढ्याचं काय मनावर घ्यायचं. मानसशास्त्रज्ञांनी ते मनावर घेतलं त्याला आता चाळीस वर्षं होऊन गेली. अमेरिकेतले रिचर्ड लॅझरस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1981 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी रोजच्या कटकटींची 117 कलमी यादी केली होती. वस्तू जागेवर न सापडणं, वाढते भाव, घराची डागडुजी, एकाच वेळी दहा कामं, असं सगळं. मध्यमवयीन शंभर माणसांकडून ती दहा महिने दर महिन्याला भरून घेतली. त्यांचं मन कितपत थाऱ्यावर आहे याचा अंदाज मृत्यू, बदली, घटस्फोट अशा मोठ्या घटनांपेक्षा या बारीक कटकटींवरून जास्त नीट येतो, असं त्यांना दिसलं. मोठ्या दुःखात दहा माणसं दारात येतात, पिठलं-भात आणून देतात. ओटीपी आला नाही म्हणून कुणी पिठलं-भात आणत नाही.

पण मला त्याहून महत्त्वाचा वाटला तो डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर यांचा प्रयोग. 1972 च्या त्यांच्या पुस्तकात तो सविस्तर आहे. त्यांनी माणसांना खोलीत बसवून एक भयंकर गोंगाट ऐकवला. दोघांचं स्पॅनिश बोलणं, एकाचं आर्मेनियन वाचन, टंकलेखन यंत्र, आकडेमोडीचं यंत्र आणि प्रती काढायचं यंत्र, सगळं एकावर एक चढवलेलं. काहीजणांच्या हाताशी एक बटण दिलं : असह्य झालं तर दाबा, गोंगाट बंद होईल, न दाबलंत तर बरं. बहुतेकांनी दाबलं नाही. म्हणजे गोंगाट सगळ्यांनी सारखाच ऐकला. नंतर दोन्ही गटांना न सुटणारी कोडी आणि मुद्रितशोधनाचं काम दिलं, तर बटणवाले कोड्यांशी जास्त वेळ झुंजले आणि त्यांच्या हातून चुकाही कमी राहिल्या. बटण दाबावं लागलं नाही. ते होतं, एवढं पुरलं.

‘‘लिफ्ट सोडाऽऽ!’’ हे आमचं बटण होतं. रोज कुठे कुणी ओरडत होतं? पण ओरडता येत होतं. कंडक्टरशी वाद घालता येत होता, वाण्याच्या तोंडावर गोळ्या आपटता येत होत्या. ज्या दिवशी घातला नाही त्या दिवशीही ती सोय खिशात होती. फलाटावर गाडी पंचवीस मिनिटं उशिरा येते तेव्हा कर्ण्यातून एक आवाज गैरसोयीबद्दल दिलगिरी व्यक्त करतो. अत्यंत शुद्ध, अत्यंत नम्र. हा माफीनामा कधीतरी, कुठल्यातरी स्टुडिओत, कुठलीही गाडी उशिरा येण्याआधीच मागून ठेवलेला आहे. त्याला ‘‘ठीक आहे हो’’ असंही म्हणता येत नाही आणि ‘‘रोजचंच आहे तुमचं’’ असंही.

लोकलच्या डब्यात मात्र अजून माणसं आहेत, म्हणून मी वही घेऊन तिथे बऱ्याच सकाळी घालवल्या. चौथ्या सीटचं राज्य अबाधित आहे. तिघांच्या बाकावर चौथा मांडीचा अर्धाच भाग टेकवतो आणि बाकीचा हवेत सांभाळतो. ‘‘जरा सरकून घ्या’’ म्हटल्यावर तिघेही सरकल्यासारखं करतात, प्रत्यक्षात श्वास फक्त आत घेतात. पाठीवरची सॅक पुढे घेणं, दारात उभं राहून उतरणाऱ्यांना अडवणं, हे जुने वाद जुन्याच शब्दांत चालू असतात. कुणाचा आवाज चढला की दुसरं कुणी ‘‘अहो जाऊ द्या, सकाळी सकाळी कशाला’’ म्हणतंच. हा मध्यस्थ प्रत्येक डब्यात असतो. तो कुठून नेमलेला येतो, कळत नाही.

नवं भांडण आहे ते मोबाइलचं. 29 जून 2020 ला टिकटॉकवर बंदी आली, आणि दोन आठवडे होण्याच्या आतच इन्स्टाग्रामने आपल्याकडे रील्स सुरू केल्या. तेव्हापासून डब्यात एकाच वेळी आठ-दहा गाणी वाजतात, प्रत्येक अर्ध्यात तुटणारं. कानात घालायचा इयरफोन शंभर-दीडशे रुपयांना फलाटावर मिळतो. तो न घालणारा माणूस गरीब असतो असं नाही; त्याला वाटतं हा विनोद डब्यानेही ऐकावा. काही जण मोबाइल तोंडासमोर खाकऱ्यासारखा आडवा धरून जोरजोरात बोलतात. दुसऱ्याचं फोनवरचं बोलणं समोरासमोरच्या गप्पांपेक्षा जास्त का खुपतं याचाही अभ्यास झालाय. 2010 मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की अर्धंच संभाषण ऐकू आलं की दुसरं टोक काय म्हणालं असेल हे मेंदू ओळखत बसतो आणि हातातलं काम बिघडतं. हे मला पटलं. घाटकोपर ते भायखळा एक बाई ‘‘नाही गं... नाही... तिलाच विचार... अंगठी?’’ एवढंच बोलत होत्या. अंगठीचं काय झालं, हे मला अजून माहीत नाही.

रील्सवाल्याला कुणी बोलतं का? मी मोजलं. बारा सकाळींत पाच वेळा कुणीतरी बोललं. चार वेळा आवाज लगेच कमी झाला, एकदा ‘‘तुम्ही गाडी विकत घेतली का?’’ असं विचारलं गेलं. बोलणाऱ्यांत तीन बायका होत्या, एक पासष्टीचे गृहस्थ आणि एकदा मी. मी बोललो तेव्हा माझे कान तापले होते आणि शब्द भलतेच निघाले. भांडण ही करत राहायची गोष्ट आहे. सवय सुटली की सूर लागत नाही. पुढच्या पिढीला तर शिकायला जागाच नाही. माझ्या मुलाचं हॉटेलातून मागवलेलं जेवण चुकीचं आलं, तर त्याने काही न बोलता एक तारा दिला. तारा देणं म्हणजे काय भांडण आहे?

हॉर्नची गोष्ट उलटी. तिथे माणूस आहे, पण काचेआड आहे, आणि त्याला एकच शब्द येतो. विनाकारण हॉर्न वाजवल्याबद्दल 2019 च्या दुरुस्तीपासून पहिल्या वेळी एक हजार आणि पुढे दोन हजार रुपये दंड आहे. मालमोटारींच्या पाठीवरचं ‘हॉर्न ओके प्लीज’ राज्य सरकारने 2015 मध्येच बंद केलं. आमंत्रण गेलं, पाहुणे येतच राहिले. मुंबई पोलिसांनी मात्र एक फर्मास युक्ती केली. सीएसएमटी, मरीन ड्राइव्ह, पेडर रोड, हिंदमाता, वांद्रे अशा काही चौकांत सिग्नलला आवाज मोजणारं यंत्र जोडलं. हॉर्नचा गोंगाट 85 डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याची उलटी मोजणी पुन्हा पहिल्यापासून. जास्त वाजवा, जास्त थांबा. 31 जानेवारी 2020 ला त्याची चित्रफीत निघाली. लोकांनी ती जगभर डोक्यावर घेतली आणि नंतर खाली ठेवली. त्या चित्रफितीत मला आवडते ती दुसऱ्या-तिसऱ्यांदा मोजणी पहिल्यापासून सुरू झाल्यावर लोक गाड्यांतून माना बाहेर काढून एकमेकांवर ओरडतात ती जागा. सिग्नलवर नाही, एकमेकांवर. ‘‘अबे, बजाना बंद कर!’’ ज्याचा हॉर्न वाजला तो एकदाचा सापडला.

गाड्याही आता आतून टुकटुक करतात. 1 जुलै 2019 पासून नव्या मोटारींना हे बंधनकारकच आहे. पट्टा न लावल्यास टुकटुक, ताशी 80 किलोमीटरच्या वर गेलात की मधूनमधून, 120 च्या वर गेलात की सलग, मागे घेताना वेगळी. (त्याआधी गाडी मागे घेताना आरती वाजायची. पहाटे पाचला एखादा शेजारी विमानतळाकडे निघाला की ‘जय जगदीश हरे’ ऐकून सबंध गल्ली जागी व्हायची. ती गेली याचं मला थोडं दुःख आहे.) पट्ट्याची टुकटुक जीव वाचवण्यासाठी आहे, यात वाद नाही. तिच्यावर आपल्या लोकांनी काढलेला उपाय असा : पट्ट्याचं फक्त टोक, म्हणजे नुसता धातूचा तुकडा, खाचेत खुपसायचा. गाडी गप्प, पट्टा मोकळा. मे 2023 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन बाजारपेठांना असे तुकडे विकणं थांबवायला लावलं, तेव्हा 13,118 ठिकाणी लावलेली त्यांची जाहिरात उतरवावी लागली. काही तुकडे बाटली उघडण्याचं साधन म्हणून विकले जात होते. एका टुकटुकीपासून सुटण्यासाठी माणूस मरायला तयार होतो, हे लॅझरसच्या यादीत नव्हतं.

उजवा रकाना ज्यांच्या नावाने शेवटपर्यंत भरला ते एकच गृहस्थ : माझे मामा. वय 81, मुक्काम सांगली. रोज पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी त्यांचं ‘सुप्रभात’ येतं. दवबिंदूंचा गुलाब, कधी विठ्ठल, कधी चहाचा कप आणि त्यावर ‘नाती जपा’. असे मामा देशभर आहेत. 2018 च्या जानेवारीत ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने बातमी दिली होती की भारतातले फोन का गोठतात, हे शोधताना गूगलच्या संशोधकांना सुप्रभातच्या चित्रांचे डोंगर सापडले, तीनातल्या एका भारतीयाच्या स्मार्टफोनमधली जागा रोज संपत होती. आमच्या घरातला एक फोन त्यात नक्की असणार. मी उत्तर देत नसे. पण 2014 पासून व्हॉट्सॲपला निळ्या खुणा आल्या आहेत आणि मामांना त्या वाचता येतात. भाद्रपदातल्या एका सकाळी त्यांचा फोन आला. ‘‘काल माझा गुलाब तू सात वाजून बावीसला पाहिलास. परवाचा पाहिलास. आठवडाभर पाहतोयस. हात मोडलाय का?’’ मी म्हटलं, मामा, रोज रोज कशाला पाठवता. ते म्हणाले, तुझ्या आईला मी रोज पत्र लिहीत होतो. मी म्हटलं, पत्र लिहीत होतात, दुसऱ्याने छापलेलं पोस्टर पुढे ढकलत नव्हतात. मग ते जे सुटले ते माझ्या मुंजीपर्यंत गेले. अकरा मिनिटं आम्ही दोघं कडाकडा भांडलो. दुसऱ्या दिवशी पाच-दहाला गुलाब आला नाही. स्वतःच्या अक्षरात लिहिलेल्या कागदाचा फोटो आला : ‘उठलास का गाढवा?’

दिवाळीच्या तोंडावर वहीत आणखी एक नोंद झाली. फराळासाठी आणलेल्या स्टीलच्या नव्या डब्यावरचं स्टिकर. ते अर्धं निघतं, अर्धं चिकटतं, आणि मग खोबरेल तेल, गरम पाणी, शेवटी गॅसवर तापवणं असे सगळे उपचार झाले तरी डब्याच्या पोटावर एक काळपट चौकोन जन्मभर राहतो. भांड्यावर यंत्राने नाव घालून देणारा माणूस दुकानाच्या पायरीवर बसलेला असतो. मी त्याला विचारलं, हे स्टिकर इतकं घट्ट कोण चिकटवतं? तो म्हणाला, ‘‘कंपनीतून येतं.’’ उजव्या रकान्यात मी ‘कंपनी’ लिहिलं आणि खोडलं.

दरम्यान आमच्या लिफ्टमधली बाई गप्प झाली. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी तिचा स्पीकर जळला. पहिले दोन दिवस कुणाच्या ध्यानातही आलं नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेसातला लिफ्ट अडकली, आणि तळमजल्यावर दुधाच्या पिशव्या घेऊन उभ्या असलेल्या पहिल्या मजल्यावरच्या आजींनी, ज्यांना लिफ्टची खरं तर गरज नाही असं सगळी इमारत म्हणते, जाळीला तोंड लावलं. ‘‘कोण आहे रे वर? दार लावाऽऽ!’’ चौथ्या मजल्यावर तांदळाची पोती उतरवणाऱ्या मुलाने वरून ‘‘ओ आजी, पाच मिनिटं!’’ असं ओरडून सांगितलं. ‘‘पाच मिनिटं म्हणजे किती?’’ असं खालून विचारलं गेलं. दारं उघडली. सहाव्यावरच्या काकू कठड्याशी आल्या. पायांना काय झालंय हा प्रश्न आठ वर्षांनी पुन्हा विचारला गेला, आणि मी जिन्यात उभा राहून तो पूर्ण ऐकला.

मेकॅनिक मंगळवारी आला. नवा स्पीकर जुन्यापेक्षा चांगला आहे. तो आता मजल्याचा आकडाही सांगतो. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, हे मला रोज चार वेळा कळतं.